खाडा कोणाचा? रुग्णालयांच्या हजेरीपटाचा हिशोब

"आज सिस्टर आलेल्या नाहीत, उद्या या." दवाखान्याच्या खिडकीवर हे उत्तर ऐकले नाही असे घर आमच्या बेलवलीत क्वचितच असेल. दुकानातला नोकर आला नाही तर गिऱ्हाईक थोडा वेळ ताटकळते, फार तर शेजारच्या दुकानात जाते. वॉर्डातली परिचारिका आली नाही तर सलाइनची बाटली संपून नळीत रक्त चढते आणि ते पाहायलाही कोणी नसते. म्हणून रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीचा राग येणे साहजिक आहे. आमचे म्हणणे एवढेच की हा राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो.

व्यापार-उद्योगाच्या पानावर हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आपल्या समाजात जागोजागी धर्मादाय दवाखाने, प्रसूतिगृहे व लहान रुग्णालये चालतात आणि त्यांच्या कमिट्यांवर बसतात ते बहुतेक आपणच, म्हणजे व्यापारी व कारखानदार. चंदा आपण देतो, हिशोब आपण तपासतो, कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे तेही आपणच ठरवतो. दुसरी बाजू अशी की खोल्या त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून बदलापूरला राहायला आलेल्या कुटुंबांतून रोज पहाटे परिचारिका, आया, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, सफाई कामगार मुंबई-ठाण्याच्या रुग्णालयांकडे निघतात. काही कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या नर्सिंग होममध्ये जातात. त्यांत आपल्या मुलीही आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. म्हणजे या प्रश्नात मालकही आपण आणि मुलाझिमही आपणच.

रोग जुना आहे हे मान्य केले पाहिजे. जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी काही देशांत सरकारी आरोग्य केंद्रांना अचानक भेटी देऊन माणसे मोजली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत भारतातील सुमारे ४० टक्के आरोग्य कर्मचारी भेटीच्या वेळी जागेवर नव्हते. आकडा लाजिरवाणा आहे. त्यावर सर्वांना सुचलेला इलाज एकच: हजेरीचे यंत्र बसवा, पगार कापा.

हा इलाज करूनही पाहिला गेला. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' संस्था आणि सरकार यांनी २००६ मध्ये उपकेंद्रांतील परिचारिकांना दिवसातून तीनदा तारीख-वेळेचा शिक्का मारायला लावला. गैरहजर राहिल्यास पगारकपात होती. पहिले काही महिने हजेरी चांगली वाढली. पुढे 'सूट दिलेले दिवस' कागदावर वाढत गेले, वरिष्ठ अधिकारीच सूट देऊ लागले आणि सोळा महिन्यांत यंत्र असलेले केंद्र आणि नसलेले केंद्र यांत फरक उरला नाही. या प्रयोगाचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांत अंगठ्याचे यंत्र आले तेव्हा परिचारिका, औषधनिर्माते, लॅबवाले यांची हजेरी सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, डॉक्टरांची वाढली नाही. यंत्र लहान माणसाला पकडते, मोठा माणूस त्याच्या बाजूने निघून जातो. आपल्या कमिट्यांनी यंत्रावर खर्च करण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे. यंत्र निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण माणूस आला नाही एवढेच ते सांगते, का आला नाही हे सांगत नाही.

कापड गिरण्यांचा जुना धडा

आम्ही कापडवाले असल्याने गिरण्यांचे उदाहरण देतो. 'खाडा' हा शब्द तिथल्या बोलण्यात रुळलेला होता. मुंबईच्या गिरणीतला माणूस कोकणचा, साताऱ्याचा. पेरणीला, सणाला, लग्नाला तो गावी जाणार हे ठरलेले. शिवाय रुईच्या धुळीत आणि दमट हवेत दहा-दहा तास उभे राहून आजारी पडणार हेही ठरलेले. मालकांनी हे ओळखून 'बदली' कामगारांची पद्धत चालवली. सकाळी गिरणीच्या दारात बदल्यांची गर्दी जमायची, ज्याचा खाडा असेल त्याच्या मागावर बदली उभा राहायचा. जॉबर मंडळी यात पैसे खात असत, म्हणून १९३५ साली मिलमालक संघाने बदल्यांना कार्डे देण्याची योजना आणली. पद्धत अन्यायाची होती. वर्षानुवर्षे बदली म्हणूनच राबवले गेलेले कामगार होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत बदल्यांना कायम करण्याची मागणीही होती. मुंबईच्या पालिका रुग्णालयांतही 'बदली कामगार' हा शब्द वर्षानुवर्षे चालत आला तो याच परंपरेतून.

पण एक गोष्ट गिरणीमालकाला पक्की ठाऊक होती: शंभर मागांवर शंभरच माणसे ठेवली तर रोज काही माग बंद राहतील. हे साधे गणित आज लहान-मोठ्या रुग्णालयांच्या हिशोबातून निघून गेले आहे.

भारतीय परिचर्या परिषदेचे जुने प्रमाण पाहा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकाऊ डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात तिघांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. आणि या सगळ्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव जागा. माणूस आजारी पडेल, बाळंत होईल, घरी मयत होईल, हे गृहीत धरून ही राखीव माणसे मोजलेली आहेत. कमिटीच्या बैठकीत पहिली कात्री लागते ती यांनाच, कारण हजेरीपटावर सर्व आले त्या दिवशी राखीव माणूस 'बसून पगार खातो' असे दिसते. आपल्यातले खजिनदार हुशार असतात, पण ही हुशारी महाग पडते.

कशी ते पाहू. समजा एका लहान रुग्णालयात तीन पाळ्यांना मिळून चारच परिचारिका आहेत. त्यांतली एक तापाने पडली. दुसरीला सकाळची ड्युटी संपताना इन्चार्ज सांगते, "तुला थांबावे लागेल." ती थांबते, बारा-चौदा तास उभी राहते, रात्री उशिरा घरी पोहोचते. असे आठवड्यात दोनदा झाले की तिसऱ्या आठवड्यात तीही पडते. मग उरलेल्या दोघींवर भार येतो. एकीला घरचे लोक सांगतात, सोड ही नोकरी. आता कमिटीच्या टेबलावर कागद येतो: या महिन्यात इतके खाडे. कागदावर चार नावे आहेत, पण दोष त्या चौघींचा नाही. जी इमानदारीने आली तिलाच शिक्षा झाली, आणि ही शिक्षा एकदा भोगली की पुढच्या वेळी तीही फोन बंद ठेवायला शिकते. आमच्या मते रुग्णालयांतल्या गैरहजेरीचे मूळ इथे आहे, आळसात नाही. आळशी माणसे असतात, सर्व धंद्यांत असतात. पण एका रुग्णालयात आळशांचा भरणा आणि शेजारच्या रुग्णालयात नाही, असे कधी होते का?

ताण वाढला की काय होते याची आठवण ठाणे जिल्ह्याने काढावी. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीच्या कामासाठी हलवले गेले होते आणि बराच भार कळव्यावर आला होता. आमच्या बदलापूर-अंबरनाथकडचे गरीब रुग्ण मोठ्या आजाराला तिकडेच जातात. तिथे खाटेपेक्षा रुग्ण जास्त असतील तर हातांचे काय होत असेल याचा अंदाज करावा.

गणवेशाची गोष्ट

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. काही वर्षे आम्ही एका खासगी रुग्णालयाला चादरी व गणवेशाचे कापड पुरवत होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे सफाई व वॉर्डाची माणसे ठेकेदार एजन्सीकडून घेतलेली होती. गणवेशाची ऑर्डर माणशी एकच जोडी. आम्ही विचारले तर उत्तर मिळाले, "एजन्सीने तेवढेच सांगितले आहे." त्या जोडीचे पैसेही माणसाच्या पहिल्या पगारातून कापले जात. आणि कापड? सुती महाग म्हणून पॉलिस्टर जास्त असलेले टेरीकॉट, ज्यात उन्हाळ्यात अंग शिजते. सुती घेतले असते तर पावसाळ्यात वाळले नसते, पण दोन जोड्या असत्या तर सुतीही चालले असते. जुलैत त्या रुग्णालयाचे खाडे वाढत. बदलापूर-वांगणीकडून जाणाऱ्या एका मावशींनी आम्हाला सांगितले की ओला गणवेश अंगावर घालून गाडीत उभे राहायचे किंवा घरी बसायचे, आणि गणवेशाविना गेले तर अर्धा दिवस कापतात, मग घरी बसलेले काय वाईट? हे आम्हाला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नसते.

एजन्सीबद्दल थोडे अधिक. टेंडरमध्ये सर्वांत कमी दर भरणारा ठेका घेतो. तो दर भरताना त्याने कोठे कपात केली असेल हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. स्वस्त थानाचा रंग पहिल्या धुण्यात उतरतो. पगार पंधरा-वीस दिवस उशिरा होतो, रुग्णालय म्हणते एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते रुग्णालयाकडून बिल आले नाही. ज्याचा पगार अडकला तो सकाळी नाक्यावर रोजंदारी मिळते का पाहतो, मिळाली तर तिकडे जातो. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी चुकवण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आपल्या मशिदींतून वारंवार ऐकवली जाते. ती दुकानाला लागू आहे तशी ट्रस्टच्या दवाखान्यालाही लागू आहे, मध्ये ठेकेदार असला तरी. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप केला तेव्हा बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीला विरोध हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला, तो विरोधामुळे पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला.

पगाराचा आकडाही पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून २०१६ साली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी शिफारस केली की २०० खाटांच्या वर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार असावा आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिन्याला २० हजार रुपयांपेक्षा कमी नसावा. ही गोष्ट २०१६ ची. आपल्या ट्रस्टच्या वेतनपत्रकावर आजचा आकडा काय आहे, ते वाचकांनी स्वतः पाहावे.

भीती

काही गैरहजेरी भीतीची असते आणि तिला कोणी गैरहजेरी म्हणत नाही, संप म्हणतात किंवा सामूहिक रजा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला मारले, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले सुमारे चार हजार निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्यात कायदा आहे, तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार दंडाची तरतूद आहे. पण दारावर शिपाई नसेल तर कायदा कपाटात राहतो. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर सरकारने ११०० सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले आणि डॉक्टर परतले. नातेवाइकांत आपल्या वस्तीतले तरुणही असतात हे आपण खालच्या आवाजात का होईना, कबूल करावे.

त्याहून जुनी गोष्ट परळच्या केईएम रुग्णालयाची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग ही परिचारिका तळघरात कपडे बदलत असताना तिच्यावर हल्ला झाला. कपडे बदलायला सुरक्षित जागा, एवढी साधी ती गोष्ट. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा काम बंद केले. पण ज्या केईएमच्या परिचारिकांना कोणी कामचुकार म्हटले असते त्यांनीच १८ मे २०१५ ला अरुणाचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ तिची सेवा केली. कोलकात्यात ९ ऑगस्ट २०२४ ला आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरचा खून झाला तेव्हा ती दीर्घ ड्युटीनंतर सभागृहात आडवी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टच्या आदेशात विश्रांतीच्या खोल्या नसणे, ३६ तासांच्या पाळ्या, रात्रीच्या वाहतुकीची सोय नसणे, या गोष्टींची नोंद केली. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांच्या वर काम देऊ नये, हा केंद्र सरकारचा आदेश १९९२ चा आहे. पन्नाशी उलटलेल्या आम्हा मंडळींच्या घरातली मुलगी परिचारिका व्हायचे म्हणते तेव्हा आपण पहिला प्रश्न रात्रपाळीचा विचारतो. तो जुनाट विचार म्हणून हसण्यावारी नेण्याऐवजी रुग्णालयांनी त्याचे उत्तर खोली, कुलूप आणि गाडीच्या स्वरूपात द्यावे.

रोगही कामातूनच लागतो. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात कर्मचाऱ्यांनाच क्षय होऊन काहींचे प्राण गेले. रुग्ण उचलून कंबर जाते. ही रजा वैयक्तिक आजाराच्या खात्यात लिहिली जाते, खरे तर ती रुग्णालयाच्या खात्यात लिहायला हवी.

गाडी, पाऊस आणि ईदचा चंद्र

बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. सकाळी सातची पाळी असेल तर पहाटे पाचच्या आत घर सोडावे लागते आणि पावसात बेलवलीच्या भुयारी मार्गात पाणी भरले असेल तर तेही जमत नाही. २६ जुलै २००५ ला गाड्या बंद पडल्या, २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी काढावे लागले. अशा दिवशी इकडची परिचारिका पोहोचत नाही, आणि तिकडची रात्रपाळीची परिचारिका सुटत नाही. हजेरीपटावर दोघींपैकी फक्त पहिलीचे नाव लाल होते. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत काम करणाऱ्यांनी मुंबईतच राहावे असा आदेश काढला आणि विरोधामुळे तो मागे पडला. रोज ये-जा करणाऱ्यांमुळे रोग पसरतो ही भीती खोटी नव्हती, पण ज्याला मुंबईत राहायला खोली नाही त्याने राहायचे कोठे, याचे उत्तर आदेशात नव्हते. जुन्या सरकारी रुग्णालयांत परिचारिका वसतिगृह आवारातच बांधत, त्यामागे अक्कल होती.

एक बाब आपल्या माणसांची. रमजान ईद कोणत्या दिवशी हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर कळते. रोस्टर मात्र आठवडाभर आधी लागते. मुलगी सोमवारची रजा लिहून देते, चंद्र एक दिवस पुढे जातो आणि मंगळवारी तिचा खाडा लागतो. एका नर्सिंग होममधल्या इन्चार्ज बाईंनी यावर साधा तोडगा काढलेला आम्ही पाहिला आहे. ईदचे दोन्ही दिवस मुस्लिम मुलींना मोकळे, दिवाळीत लक्ष्मीपूजन व भाऊबीज त्यांनी सांभाळायची. कागदावर अर्ज नाही, वाद नाही, आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा ड्युटी रूममध्ये पोहोचतो.

पाळी वाटून घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. बगदादला सन ९८२ मध्ये सुरू झालेल्या अदुदी रुग्णालयात आरंभी चोवीस तबीब होते. त्यांतल्या जिब्राईल बिन उबैदुल्लाह या नामवंत ख्रिस्ती तबीबाची ड्युटी आठवड्यातून दोन दिवस व दोन रात्री एवढीच होती, असे जुने इतिहासकार सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाकडूनही सातही दिवस काम घेतले नाही. आपल्या नोकरांवर आवाक्याबाहेरचे काम लादू नये आणि लादलेच तर स्वतः हात लावावा, ही शिकवण ज्या समाजाला मिळाली त्याच्या रुग्णालयांची रचना अशी असणे स्वाभाविक होते.

आपल्या कमिट्यांना काय करता येईल? ज्या दवाखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत तिथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे का हे आधी तपासावे. २०१९ पासून मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम ठरावीक दिवस मिळते, म्हणजे तापातला माणूस रुग्णांमध्ये ताप वाटत फिरत नाही. उल्हासनगरला या योजनेचे रुग्णालयही आहे. पन्नास कर्मचारी असतील तर २०१७ च्या दुरुस्तीनुसार पाळणाघर बंधनकारक आहे. हजेरीपटात खाड्यासमोर कारणाचा रकाना काढावा: गाडी, मूल, आजार, डबल ड्युटीनंतर, पगार नाही. तीन महिन्यांनी तो रकाना बैठकीत वाचावा. गणवेश माणशी तीन जोड्या, पैसे न कापता.

आणि वार्षिक हिशोबात औषधे, वीज, यंत्रे या सदरांखाली 'राखीव परिचारिका' असे एक सदर घालावे. महिन्याला २० हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, माणसावर लागत नाही, म्हणून या सदराला कोणी हात लावत नाही. पन्नास व्यापाऱ्यांनी महिन्याला चारशे रुपये दिले तर ते भरते. बैठक बोलावणाऱ्यांनी सदर्‍याच्या खिशात ही आकडेवारी ठेवावी.